साठ मिनिटांचा खेळ

गुणवंत मिरजकर गेल्या महिन्यात दुबई कायमची सोडून सांगलीला परत गेले. हॉटेलनं त्यांचा निरोपसमारंभ केला, केक कापला, जनरल मॅनेजरनं त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "साहेबांना शुभेच्छा" एवढं म्हटलं आणि खाली बसले. अकरा वर्षं ज्यांच्या केबिनबाहेर बसून टाइप केलं त्यांच्याबद्दल या बाईला चार वाक्यं बोलता येऊ नयेत, याचं लोकांना नवल वाटलं असेल. वाटू दे. हॉलच्या शेवटच्या रांगेत रास अल खैमाहून दोन तासांचा प्रवास करून आलेला अन्वर उभा होता, आणि मला जे बोलायचं होतं ते त्याच्यासमोर माइकवरून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहिते.

मिरजकर आमच्या हॉटेलात बँक्वेटचे प्रमुख होते. लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, शेखांच्या मेजवान्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. माणूस पक्का शाकाहारी. अख्खा उंट भाजून वाढलेल्या मेजवानीत ते पांढराशुभ्र शर्ट घालून उभे असत आणि नंतर टेबलक्लॉथच्या कोठीत बसून विभावरीवहिनींनी दिलेला पोळीभाजीचा डबा खात. मांसाला त्यांनी कधी बोट लावलं नाही, पण कोणता तुकडा किती मिनिटं भाजायचा हे त्यांना शेफइतकंच ठाऊक होतं. घड्याळ पाच मिनिटं पुढे. वेळापत्रक नेहमी शेवटाकडून मागे लिहायचे: पाहुणे कधी उठणार, त्याआधी कॉफी, त्याआधी गोड. या उलट्या वेळापत्रकाची फंक्शन शीट मी टाइप करायची, आणि तिची चौघडी करून ते खिशात ठेवायचे. खिशात शीट असली की त्यांना बाकी जग दिसत नसे. मी हे कौतुकानं सांगत नाही.

शहाण्णव सालची एकतीस डिसेंबर. नव्या वर्षाची पार्टी, सातशे माणसं. दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. दापोलीहून अन्वरच्या भावाचा होता. अन्वर आमच्या किचनमध्ये ग्रिल सांभाळायचा. तिकडचाच कोकणी मुसलमान, माझ्याशी मराठीत बोलणारा हॉटेलातला दुसरा माणूस. भाऊ म्हणाला, वडील गेले. उद्या सकाळी नऊपर्यंत मातीसाठी थांबतो. रात्रीच्या विमानानं मुंबईला उतरला आणि तिथून गाडी केली तर पोचेल.

मी निरोपाच्या गुलाबी चिठ्ठीवर ते लिहून घेतलं आणि चिठ्ठी मिरजकरांच्या हातात दिली. अन्वरचा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत होता, तो त्यांच्या सहीशिवाय मिळाला नसता, म्हणून त्यांना दिली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मिरजकरांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि चौघडी करून शीटबरोबर खिशात ठेवली. "बघतो मी," म्हणाले.

सातशे माणसांचं ग्रिल एकट्या अन्वरवर होतं. साडेबारा वाजता फुगे फुटून गेल्यावर, शेवटची ट्रे बाहेर गेल्यावर, मिरजकरांनी त्याला बाजूला बोलावून चिठ्ठी दिली. विमान केव्हाच गेलं होतं. सकाळी दापोलीला माती झाली. अन्वर तिसऱ्या दिवशी पोचला आणि आठवड्यानं परत येऊन ग्रिलवर उभा राहिला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. मला वाटलं, फोन रात्रीच आला असं तो समजून चालला असेल. मिरजकरांनाही तसंच वाटलं असणार. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. पण त्यानंतर मिरजकर अन्वरच्या डोळ्यांकडे बघून बोलेनासे झाले, एवढं मला दिसत होतं.

वर्षभरानं, अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत अमेरिकन लोकांची फायनल आमच्याकडे आली. फायनल खेळायला नव्हे, बघायला. तेल कंपन्यांतल्या अमेरिकनांची एक मंडळी होती. त्यांना त्यांच्या देशातल्या त्या मोठ्या फुटबॉल सामन्यासाठी हॉल हवा होता. डेल नावाचा टेक्सासचा उंचापुरा गृहस्थ ठरवायला आला. दोनशे माणसं, चार मोठे पडदे, गच्चीवर खास डिश अँटेना. तिकडे रविवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, सव्वातीनला सुरुवात. खायला चिकन विंग्ज, बर्गर, आणि चिली नावाची राजम्याची खिमा घातलेली उसळ. विंग्ज मात्र गरम हव्यात, मध्यंतराला फ्रायरमधून थेट टेबलावर. बाकी काही चुकलं तर चालेल, विंग्ज नाही, असं डेल तीनदा म्हणाला.

रमजान चालू होता. गाणीबजावणी नाही, बाहेर बोर्ड नाही, दिवस उजाडायच्या आत सगळे पडदे ओढलेले हवेत. त्यात ती रात्र सत्ताविसावी होती, मुसलमानांच्या दृष्टीनं वर्षातली सगळ्यात मोठी. मिरजकरांनी कॅलेंडर बघितलं आणि त्यांचा पेन थांबला.

दुसऱ्या दिवशी अन्वर आपण होऊन केबिनच्या दाराशी आला. मी बाहेरच बसले होते.

"साहेब, सोमवारी पहाटे मला साडेचारला सोडाल का? रोजे सुरू झाल्यापासून वडलांच्या नावानं कुराण वाचतोय. शेवटचा, तिसावा भाग, तिसावा पारा त्या रात्री मशिदीत बसून पुरा करायचाय. मग बांगेच्या आत तिथंच सेहरीचं खाणं, आणि पहाटेची फजरची नमाज. नंतर दिवसभर ड्युटी लावलीत तरी चालेल."

वर्षभरात त्यानं मागितलेली ही पहिली गोष्ट. मिरजकरांनी डेलला तिथल्या तिथे फोन लावला. सामना किती वेळ चालतो? पलीकडून उत्तर आलं: पंधरा मिनिटांचे चार भाग. मिरजकरांनी पेननं कागदावर गुणाकार केला. साठ मिनिटं. हॉकी बघत वाढलेला माणूस. सत्तर मिनिटांची हॉकी मध्यंतरासकट दीड तासात आटपते, तर साठ मिनिटांच्या खेळाला तेवढाही वेळ कशाला लागेल? म्हणजे पावणेचारला मध्यंतर, साडेचारला खेळ खलास.

"साडेचारला तू मोकळा," ते म्हणाले, "माझा शब्द." आणि ते त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, वर्षात पहिल्यांदा. मी शीट टाइप केली. मलाही साठ म्हणजे साठच वाटली.

शुक्रवारी सुट्टी होती. शीटची एक प्रत मी घरी आणली होती, डायनिंग टेबलवर पडली होती. माझी मुलगी शुभ्रा तेव्हा सोळा वर्षांची. तिनं पोहे खाता खाता ती उलटून बघितली आणि हसायला लागली.

"आई, हू मेड धिस? फोर थर्टीला मॅच ओव्हर? नो वे. इट टेक्स लाइक थ्री अँड अ हाफ अवर्स."

"साठ मिनिटांचा खेळ आहे तो," मी म्हटलं.

"येस, बट द क्लॉक कीप्स स्टॉपिंग. एव्हरी टाइम बॉल बाहेर गेला, क्लॉक स्टॉप्स. मग अॅड्स. हाफ टाइमच इट्सेल्फ फाइव्हला येईल."

मी तिच्या हातातून शीट ओढून घेतली. मध्यंतर पाचला, म्हणजे विंग्ज पाचला. फजरची बांग पाच चाळीसला. अन्वरचा पारा, सेहरी, नमाज, सगळं त्या विंग्जच्या तेलात जाणार होतं. माझा नवरा सुजीत म्हणाला, "तू एवढी घाबरलीस काय? हॉटेल तुझ्या बापाचं आहे का?" त्याला ती चिठ्ठी माहीत नव्हती.

शनिवारी सकाळी मी मिरजकरांना सांगितलं. त्यांनी शीट उचलून शेवटापासून पुन्हा वाचली. कधी नव्हे ते त्यांचं उलटं वेळापत्रक शेवटालाच चुकलं होतं. मग उठून मेन किचनमध्ये गेले, मी मागोमाग. लेबनानी शेफला दोन तासांसाठी एक माणूस मागितला.

"हबीबी, माणूस कुठून आणू?" शेफ म्हणाला. "सेहरीच्या तंबूत चारशे लोक आहेत. सत्ताविसावी रात्र आहे. तुझ्या अमेरिकनांना थंड विंग्ज दे, मरत नाहीत ते."

डेलला विचारलं, विंग्ज आधी करून गरम पेटीत ठेवल्या तर? डेल हसला आणि त्यानं नकार दिला, सभ्यपणे, पण नकारच. जनरल मॅनेजर म्हणाले, अन्वरला थांबव, त्याची मशीद काय पळून जाते आहे? हे ऐकून मिरजकरांचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःशी असंच काहीतरी म्हटलं असणार.

केबिनमध्ये परत आल्यावर मी दार लावून घेतलं. माझा स्वभाव तापट आहे, सगळं हॉटेल जाणतं.

"साहेब, या वेळी त्याला थांबवलंत तर मी राजीनामा देईन."

"गिरिजाबाई, बसा," ते म्हणाले. "थांबवत नाही. मी तळतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "सतरा वर्षं बघतोय. हात लावला नाही एवढंच. त्याला माझा शब्द दिलाय."

रविवारी दुपारी बँक्वेटच्या मागच्या किचनमध्ये अन्वरनं त्यांना शिकवलं. सामना लांबतोय, पण तू साडेचारलाच जायचंस, एवढंच त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, साहेब, राहू द्या, मी थांबतो. मिरजकर म्हणाले, "शिकव." बाह्यांची बटणं काढून त्यांनी त्या कोपरापर्यंत दुमडल्या. कच्च्या कोंबडीच्या तुकड्यांनी भरलेली परात समोर आली तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग हात घातला. कोरडं पुसायचं, पिठात घोळवायचं, झटकायचं, एका जाळीत तीस, अकरा मिनिटं, जाळी वर, निथळवायचं, सॉसमध्ये उलटसुलट. अन्वर कमी शब्दांत सांगत होता आणि मिरजकर शाळकरी मुलासारखे मान हलवत होते.

पहिला घाणा निघाला आणि पंचाईत झाली. चव कोण बघणार? अन्वरचा रोजा, मिरजकर शाकाहारी. दोघं त्या ताटलीकडे बघत उभे राहिले. मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. आम्ही मालवणकडचे, मला काय? पण रमजानच्या दिवसात उपाशी माणसासमोर मी कशी खाऊ? अन्वर म्हणाला, "बाई, खा, मी तिकडं तोंड करतो," आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी खाल्लं. आतून कच्चं होतं. मिरजकरांनी दुसरा घाणा घातला. तिसरा जमला. त्या दुपारी त्या किचनमध्ये आम्ही तिघं थोडं हसलो, आणि हसताना मला त्या चिठ्ठीची फार लाज वाटत होती.

रात्रीच्या ड्युटीला मी सहसा थांबत नसे. त्या रात्री थांबले. पाहुण्यांच्या याद्या बघायच्या आहेत असं सुजीतला सांगितलं. मला अन्वर वेळेवर जाताना बघायचं होतं.

दोनशे अमेरिकन तीनच्या आत आले. रंगीत जर्सी, काहींनी गालांवर रंग लावलेले, पण आवाज खाली ठेवा असं दारावर लिहिलेलं, म्हणून सगळे कुजबुजल्यासारखे ओरडत होते. पडद्यावर धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत, आणि दर वेळी घड्याळ थांबे. मी पडद्यावरच्या घड्याळाकडे बघत होते. पंधरा मिनिटं संपायला चाळीस मिनिटं लागली. शुभ्रा बरोबर होती.

साडेचारला मी किचनमध्ये गेले. अन्वरनं पीठ, सॉस, पराती, सगळं हाताशी येईल असं मांडून ठेवलं होतं. मिरजकर चाचणीचा घाणा तळत होते. अन्वर एप्रन सोडत होता तेवढ्यात जाळी कलली आणि तेल मिरजकरांच्या डाव्या हातावर उडालं. हात त्यांनी पाठीमागे नेला. अन्वर वळला.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. जा तू."

"हात दाखवा."

"अन्वर, साडेचार वाजले. यल्ला, नीघ."

अन्वर हलला नाही. मिरजकर जवळजवळ विनवणीच्या आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी जा." तेव्हा तो गेला. दार बंद झाल्यावर मी तो हात बघितला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत कातडी लाल होऊन सुटत होती. मी नळाखाली धरायला लावला, ते दोन मिनिटं धरून परत फ्रायरपाशी आले. पाचला मध्यंतर झालं. त्यांनी एका हातानं दोनशे माणसांच्या विंग्ज तळल्या, मी ट्रे भरून दाराशी दिल्या. डेल आत डोकावून अंगठा दाखवून गेला. बाहेरून फजरची बांग ऐकू आली तेव्हा मिरजकर चिमटा खाली ठेवून उभे राहिले, बांग संपेपर्यंत. पुढचा घाणा करपला. आम्ही तो फेकून दिला.

सामना पावणेसातला संपला. कोण जिंकलं मला आठवत नाही. मिरजकर मागच्या दाराशी दुधाच्या उलट्या क्रेटवर बसले होते, हात थंड पाण्याच्या बादलीत. अन्वर आला. त्याला दुपारपर्यंत यायची गरज नव्हती. पांढरी टोपी अजून डोक्यावर होती, हातात औषधाच्या दुकानातून आणलेली मलमाची ट्यूब. त्यानं न विचारता हात बादलीतून काढला, टिपला आणि मलम लावायला लागला.

"पारा पुरा झाला?" मिरजकरांनी विचारलं.

"झाला."

मिरजकर म्हणाले, "अन्वर, मला तुला काही सांगायचंय. वर्ष झालं. त्या एकतीस डिसेंबरला तुझ्या भावाचा फोन आला होता तो..."

"चार वाजून दहा मिनिटांनी आला होता," अन्वर म्हणाला. तो मलम लावतच होता.

मिरजकरांनी मान वर केली. अन्वरनं हात पुसून पाकीट काढलं आणि पाकिटातून घडी केलेली गुलाबी चिठ्ठी. माझं अक्षर. निरोप कोणाचा, कोणासाठी, तारीख, आणि वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात वेळ, सवयीनं टाकलेली. मी ती वेळ टाकली हे मलाच आठवत नव्हतं. मिरजकरांनी चिठ्ठी देताना ती वेळ बघितली नव्हती. अन्वरनं बघितली होती.

"तुम्ही दिलीत तेव्हाच वाचली, साहेब."

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

मिरजकर रडले. मी त्यांना रडताना त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितलं नाही. "मी सातशे माणसांचं बघत बसलो," ते म्हणाले. "तुझ्या बापाला खांदा द्यायला तू पोचला असतास. मी चुकलो. माझं चुकलं, अन्वर."

अन्वरनं पट्टी गुंडाळली, गाठ मारली. "आज दुवा मागताना मी वडलांसाठी मागितली," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मागायची होती, पण मनातून राग जाईना. खोटं मागता येत नाही." मग म्हणाला, "आता कदाचित जाईल. इन्शाल्ला."

त्यानं चिठ्ठीची पुन्हा घडी केली. पाकिटात ठेवण्याआधी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. बघितलं फक्त.

"बाई, अक्षर तुमचं ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवून चिठ्ठी पाकिटात ठेवली. माझ्या टेबलापासून त्याच्या ग्रिलपर्यंत चाळीस पावलं होती, आणि त्या दुपारी माझे दोन्ही पाय शाबूत होते.

त्यानंतर दर रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री मिरजकर स्वतः ड्युटी लावून घेत आणि किचनमधल्या पोरांना मशिदीत पाठवत. हातावरचा डाग राहिला. लोकांना वाटायचं जन्मखूण आहे. निरोपसमारंभ संपल्यावर अन्वर पुढे आला, त्यानं तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले. अन्वरचा राग गेला की नाही, ते मी विचारलं नाही. ते त्या दोघांचं आहे.

माझं एवढंच. मी अजून त्याच टेबलावर बसते, त्याच फोनवर. आता कुणाच्या घरून फोन आला तर मी चिठ्ठी लिहीत नाही. उठून जाते.